एएफपी नॉर्मल, तरी यकृताचा कर्करोग?

प्रश्न : वडिलांच्या यकृतातल्या गाठीच्या बायोप्सीत ‘हेपपार-१ आणि ग्लिपिकन-३ पॉझिटिव्ह, सीके१९ सुमारे १० टक्के पेशींत पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. रक्तातलं एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारं प्रथिन) मात्र नॉर्मल आहे. यातून काय समजायचं?

उत्तर : एएफपीवर विसंबू नका. यकृताच्या कर्करोगात, विशेषतः गाठ लहान असताना, ते बऱ्याचदा वाढलेलं नसतं. अहवालातली तीन नावं पेशींतल्या प्रथिनांच्या खुणांची; रंग देऊन तपासताना त्या स्लाइडवर तपकिरी दिसल्या की ‘पॉझिटिव्ह’. हेपपार-१ निरोगी यकृतपेशींतही दिसतं. त्यावरून पेशींचं कूळ कळतं, कर्करोग नव्हे. ग्लिपिकन-३ निरोगी प्रौढ यकृतात सहसा नसतं, म्हणून त्याला जास्त वजन.

खरी चर्चा सीके१९ची व्हायला हवी. एरवी ते पित्तनलिकांच्या पेशींत असतं. यकृतपेशींच्या कर्करोगात ५ टक्क्यांहून अधिक पेशींत दिसलं, तर गाठ रक्तवाहिन्यांत शिरण्याची आणि शस्त्रक्रियेनंतर लवकर परत उद्भवण्याची शक्यता वाढते. पण इथेच फसगत होते. गाठीच्या कडेला अडकलेल्या साध्या पित्तनलिकाही स्लाइडवर तशाच तपकिरी दिसतात. तेव्हा पॅथॉलॉजिस्टना नेमकं विचारा : रंग गाठीच्या पेशींतच आहे ना? यकृत आणि पित्तनलिका असा मिश्र कर्करोग तर नाही ना? तो पेशींच्या रचनेवरून ठरतो, एकट्या सीके१९वरून नाही. शिवाय सुईने काढलेला तुकडा बारीक असतो. पूर्ण गाठीत हे प्रमाण वेगळं निघू शकतं.

उपचारांनंतर या रुग्णात एएफपीचा पहारा पुरणार नाही. पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी कॉन्ट्रास्ट (गाठ स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय करून घ्या.