नवी एअर रायफल घेतलीय? आधी एवढं सांभाळा

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. त्यामुळे रायफलचा दाबाच्या हवेनं भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवायचा नाही, अगदी दहा मिनिटंसुद्धा. सिलिंडरवर २०० बार (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय तर २००लाच थांबा आणि सावकाश भरा. घाईत भरलं की हवा तापते, मग गार झाल्यावर दाबाचा काटा खाली येतो आणि नवशिक्याला वाटतं, गळतीच आहे.

तेलाचा मोह आवरा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. भरायच्या तोंडाशी साधं तेल किंवा ग्रीस गेलं तर दाबाखाली पेट घेऊ शकतं. बाहेरच्या धातूवरचा घाम मात्र रोज पुसा, नाहीतर बोटांच्या ठशांवरच गंज धरतो.

नळी साफ करायला तारेचा ब्रश नको. ४.५ मिमीचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) गोळे पुरतात.

आणखी तीन गोष्टी:
- स्प्रिंगची रायफल (सिलिंडरऐवजी स्प्रिंगवर चालणारी) छर्‍याशिवाय झाडू नका. पिस्टन आदळून सील जातं.
- पावसाळ्यात फोमच्या पेटीत महिनाभर ठेवू नका, फोम ओल धरतो.
- खाली ठेवताना नळीत सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) हवाच.

ट्रिगरच्या स्क्रूंना पहिले सहा महिने हात लावू नका.