सेकंडहँड झेड४ ला कोणते टायर घालू?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी दोन ओळींत सांगतो. २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ सेकंडहँड घेतलीत. ४१ हजार किलोमीटर झालेत, टायरच्या खाचा भरपूर खोल आहेत, तरी खड्ड्यात गाडी कंबर मोडते आणि पावसात मागून हलते. पुढे २२५/४५ आर १७, मागे २५५/४० आर १७, चारही रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे. नाशिकला राहता, कसारा घाट आणि समृद्धी नेहमीचे. बजेट ऐंशी हजार. आणि दुकानदार म्हणतोय, "मागे २४५ चालतील साहेब, कुणाला कळतंय!"

माझ्याकडे याच पिढीची झेड४ सहा-सात वर्षं आहे. टायरच्या धंद्याशी माझा काही संबंध नाही, चुका मात्र भरपूर करून झाल्यात.

नवे टायर शोधायच्या आधी जुने वाचा. मोबाइलचा टॉर्च घेऊन गाडीपाशी उकिडवे बसा. टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक असतात. ३४१४ असेल तर तो टायर २०१४ च्या ३४ व्या आठवड्यात बनला. बाहेरच्या बाजूला हे अंक सापडले नाहीत तर ते आतल्या बाजूला आहेत, गाडीखाली डोकं घालावं लागेल. घाला. चारही टायरचे अंक वेगवेगळे लिहून घ्या, कारण सेकंडहँड गाडीत चारही एकाच जन्माचे असतील असं नाही.

हे एवढ्यासाठी सांगतोय की असल्या गाड्या पळत नाहीत, उभ्या राहतात. रविवारी सकाळी मिसळ खायला जाणार आणि उरलेला आठवडा कव्हरखाली. त्यामुळे टायर घासत नाही, म्हातारा होतो. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होत जातं. खाचा तशाच खोल दिसतात, पण रस्ता धरून ठेवायची ताकद गेलेली असते. खाचा पाणी बाहेर काढतात हे खरं, पण डांबराला चिकटायचं काम रबराचंच.

मी याच सापळ्यात पडलो. गाडी घेतली तेव्हा टायरवर पाच मिलिमीटर खोल नक्षी होती. कायद्याने किमान १.६ लागते, म्हणजे मी स्वतःला हुशार समजत होतो. जूनमधल्या पहिल्या पावसात ताम्हिणीत, एका साध्या उजव्या वळणावर, साठच्या आतल्या वेगाला गाडीचं बूड सुटलं. इलेक्ट्रॉनिक्सने सावरायचा प्रयत्न केला, मी अनावधानाने पाय उचलला, आणि गाडी अर्धं वर्तुळ घेऊन उलट्या दिशेला तोंड करून थांबली. समोरून एसटी आली नाही हे माझं नशीब. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धुळीचा लगदा असतो हे मान्य, पण माझ्या मागे असलेली मित्राची साधी हॅचबॅक त्याच वळणातून गाणी ऐकत निघून आली. घरी येऊन तारीख पाहिली तर टायर आठ वर्षांचे. नख दाबलं तर रुतेना.

तेव्हापासून माझा हिशेब सोपा आहे. सहा वर्षांपुढचा टायर संशयित, आणि दहा वर्षांपुढचा, तो कितीही देखणा दिसो, गाडीवरून खाली. तुमची लक्षणं ऐकून मला वाटतं तुमचे टायरही याच गटातले आहेत. पावसात मागून हलणं आणि खड्ड्यात दणके, दोन्ही कडक रबराच्या रनफ्लॅटशी जुळतं.

आता तारखेनंतर झीज वाचा. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. ही कड उभ्याने दिसतच नाही आणि या गाडीत मागचे टायर बहुतेक वेळा तिथेच खातात, कारण मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. थोडी जास्त झीज चालते. पण बाहेरून नवाकोरा आणि आतून गोटा असं असेल, तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी बुश गेलेत. ते आधी करा. नाहीतर ऐंशी हजारांचे नवे टायर त्याच जागी, त्याच वेगाने खाल्ले जातील. मधोमध झीज म्हणजे आधीचा मालक हवा जास्त ठेवत होता, दोन्ही कडांना झीज म्हणजे कमी. आणि मागचे दोन टायर एका कंपनीचे नि पुढचे दोन भलत्याच, तर आधीच्या मालकाने गाडीवर बाकी कुठे कुठे पैसे वाचवले असतील याचा अंदाज बांधायला तुम्ही मोकळे आहात.

मापाकडे येऊ. २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. तुमच्या मागच्या टायरचा पूर्ण व्यास येतो साधारण ६३६ मिलिमीटर. पुढचा २२५/४५ आर १७ येतो ६३४. म्हणजे रुंदी वेगळी असूनही पुढचं आणि मागचं चाक जवळजवळ सारखं फिरतं. हा योगायोग नाही, गाडी बनवणाऱ्यांनी तसं मुद्दाम जुळवलंय. घसरण आवरणारी यंत्रणा चारही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघत असते. दुकानदाराचा २४५/४० आर १७ घातला तर व्यास ६२८ होतो, म्हणजे मागचं चाक आठ मिलिमीटरने लहान. सव्वा टक्का फरक. तेवढ्याने गाडी रस्त्यात बंद पडणार नाही, पण यंत्रणेला मागची चाकं सतत जरा जास्त पळताना दिसणार. वर मागची रुंदी कमी. ३०६ अश्वशक्ती मागच्या चाकांवर टाकणाऱ्या गाडीला तुम्ही हेच करणार?

तो २४५ का सुचवतोय तेही कळतं. मर्सिडीझच्या सी-क्लासच्या एका पिढीला पुढे २२५/४५ आणि मागे २४५/४० आर १७ लागायचे, त्यामुळे ते माप दुकानात असू शकतं. २५५/४० आर १७ मात्र आपल्याकडे शोधावं लागतं. त्यात १२ जून २०२० पासून केंद्र सरकारने गाड्यांच्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, परवाना लागू लागला, आणि तुरळक खपाची मापं आणखीच दुर्मीळ झाली. म्हणून शोध नेहमी मागच्या टायरपासून सुरू करा. आधी मॉडेल पसंत करायचं आणि मग मागचं माप मिळत नाही म्हणून दुसरं काहीतरी जोडायचं, हा उलटा रस्ता आहे.

मापाच्या पुढे ९४डब्ल्यू असं काहीतरी असतं. ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो वजन पेलतो, ९१ म्हणजे ६१५. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. पुढे ९१ आणि मागे ९४ च्या खाली उतरू नका, वर गेलात तर हरकत नाही.

आता रनफ्लॅट. या गाडीला स्टेपनी नाही आणि ठेवायला जागाही नाही. डिकीत आडवी टाकलीत तर छप्पर दुमडून तिथेच येतं, म्हणजे स्टेपनी बाळगायची तर छप्पर उघडायचं विसरायचं. मग ही गाडी घेतली कशाला? कंपनीचा तोडगा रनफ्लॅट. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. जर्मनीत तेवढ्यात गॅरेज येतं. पण तीच जाड भिंत खड्ड्यात दबत नाही, दणका सरळ रिमला आणि तुमच्या मणक्याला देते. आपल्या रस्त्यांवर रिमला तडा जायची भीती मला पंक्चरपेक्षा जास्त वाटते.

मी साधे ट्यूबलेस घातले आणि त्या दिवशी गाडी नव्याने कळली. स्टिअरिंग हातात बोलायला लागलं, एक्स्प्रेसवेच्या जोडांवरची आदळआपट निम्म्यावर आली. डिकीत छोटा कॉम्प्रेसर, भोक बुजवणाऱ्या सीलंटची बाटली आणि पंक्चरच्या स्ट्रिपचा डबा असतो. आजवर दोनदा खिळे घुसले, दोन्ही वेळा अर्ध्या तासात निघालो. मात्र टायरची बाजू फाटली तर हे सगळं निरुपयोगी आहे. मग गाडी उचलून न्यायला सपाट ट्रक बोलवायचा आणि डासांशी गप्पा मारायच्या. त्यामुळे तुम्ही रात्री-अपरात्री घरच्यांना घेऊन कसारा उतरत असाल तर रनफ्लॅटच ठेवा, दणक्यांची तक्रार करू नका. एकटे किंवा दिवसाच जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे, साधे घाला. पण चारही साधे. दोन असे नि दोन तसे घातलेत तर गाडी पुढून एक बोलेल आणि मागून दुसरंच.

कुठला टायर, हा तुमचा मूळ प्रश्न. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ किंवा त्याच्या पुढचा ५, दोन्ही मापांत मिळाला तर फार विचार करू नका. ओल्या रस्त्यावर तो ज्या विश्वासाने थांबतो, त्याचे पैसे आहेत. नाही मिळाला तर काँटिनेंटल, ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा यांपैकी ज्याचं एकच मॉडेल पुढच्या आणि मागच्या मापात, ताज्या तारखेचं मिळेल ते घ्या. मी मॉडेलच्या नावापेक्षा या तीन गोष्टींना जास्त मान देतो. इंटरनेटवर लोक कोरड्या ट्रॅकवरच्या सेकंदांवरून भांडतात, पण तुमचा ट्रॅक इगतपुरीच्या पावसात आहे. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून नव्याच्या रुंद सरळ खाचा बघा आणि पुढेही पावसाळा तोंडावर असताना तीन मिलिमीटरच्या खाली नक्षी जाऊ देऊ नका. कायद्याचे १.६ कागदावर ठीक आहेत, घाटात नाहीत.

बाजूला 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकणार आणि साधारणपणे पकड थोडी कमी. पण प्रत्येक कंपनी ही चाचणी आपली आपण करते, म्हणून एका कंपनीच्या ३०० ची दुसरीच्या ३२० शी तुलना करत बसू नका. तुम्ही वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणार, तुमचे टायर झिजायच्या आधी पुन्हा म्हातारेच होतील. मग टिकाऊपणाला पैसे कशाला द्यायचे? बाकी स्पोर्ट्स टायरचं रबर सात अंशांच्या खाली ताठरतं. नाशिकला ही अडचण एरवी नाही, पण जानेवारीत पहाटे निफाडच्या बाजूला जाणार असाल तर पहिले काही किलोमीटर सबुरीने.

बीएमडब्ल्यूची चांदणी कोरलेलेच टायर हवेत असं कोणी म्हणेल. त्या गाडीसाठी जुळवून घेतलेला टायर अशी ती खूण आहे. मिळाला तर छान, पण चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीला चांदणी शोधत ताजी तारीख सोडू नका. कुर्ल्याला सेकंडहँड रनफ्लॅट स्वस्तात मिळतात, तिकडे तर फिरकूही नका. कुणाच्या अपघातातून निघाले, किती किलोमीटर हवेविना पळाले, काही कळत नाही.

ऐंशी हजारांत चारही बसले नाहीत, तर दोन आत्ता आणि दोन नंतर करता येतील, तेही फक्त पुढचे पाच वर्षांच्या आतले निघाले तर. आणि नवे कायम मागे. पुढची पकड गेली तर गाडी सरळ जाते, वेग उतरवला की बहुतेक वेळा परत हातात येते. मागची गेली तर काय होतं ते वर ताम्हिणीत सांगितलंय. पुढे-मागे मापं वेगळी असल्याने नंतर अदलाबदलही करता येणार नाही.

बसवायला जाल तिथे आधी मशीन बघा. रनफ्लॅटची भिंत इतकी कडक असते की वरून दाबणारा मदतनीस दांडा नसलेल्या मशीनवर काढताना रिमला ओरखडे हमखास. पोराने बोल्ट हवेच्या गनने करकचून आवळले तर थांबवा, टॉर्क पान्याने, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन-मीटर लावायला सांगा. अलाइनमेंट चारही चाकांचं करून घ्या, आणि गाडीतला हवेचा इशारा नव्याने सेट करायला विसरू नका. हवा थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. समृद्धीवर निघायच्या आधी तर नक्कीच, कारण हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, तापते, आणि ताशी १२० ने तासभर गेल्यावर तिथूनच फुटते. 'मऊ बरं वाटतं' म्हणून हवा कमी ठेवणारे माझे दोन मित्र आहेत, त्यांच्या गाडीत मी बसत नाही. नायट्रोजनचं विचारलंत: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर भरा.

नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-अडीचशे किलोमीटर घाटात मस्ती नको. आणि पैसे देण्याआधी, टायर रिमवर चढायच्या आधी, चारही टायरचे ते चार अंक स्वतः वाचून बिलावर लिहून घ्या. मला एकदा तीन ताजे आणि एक अडीच वर्षांचा देत होते. चौथा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.