हौद किती लिटरचा, ते आधी विचारा

यावेळी पत्रं जरा जास्तच आली आणि बहुतेक सगळी सोलापूरभोवतीच फिरतायत, म्हणजे परत यायचं की नाही, आलो तर राहायचं कुठं, राहिलो तर खायचं काय. मी स्वतः पुण्यात ११ वर्षं काढून परत आलेली बाई, इथं लोकांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते, त्यामुळं या शहराच्या खिशात काय आहे ते जरा आतून दिसतं. तेवढ्याच जोरावर लिहितेय.

प्रश्न: ताई, मी ३२ वर्षांचा, वाकडला राहतो, आयटीत टेस्टिंगला आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडिलांचे चादरीचे आठ माग होते, चार वर्षांपूर्वी बंद करून भंगारात दिले. आता आई-वडील दोघंच असतात आणि वडिलांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. इथं फ्लॅटचा हप्ता ३४ हजार. सोलापुरात एका ठिकाणी नोकरीचं जमतंय पण पगार निम्म्याहून कमी. बायको साताऱ्याची, लॅब टेक्निशियन आहे, ती म्हणते तिथं येऊन मी काय करू. मित्र म्हणतात येडा झालास का बे. काय करू?

उत्तर: मित्रांचं राहू दे बाजूला, ते तुझ्या हप्त्यात वाटा देत नाहीत.

सगळे काय करतात, पुण्याचा पगार, वजा भाडं, वजा पेट्रोल, वजा स्विगी, आणि मग सोलापूरचा पगार शेजारी मांडून बघतात. हा हिशेब सोपा आहे आणि तो बहुतेक वेळा जुळतोसुद्धा. निम्म्या पगारात इथं भागतं, खरंच भागतं, माझ्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके नऊ हजाराला गेलाय आणि ऑफिसवरून दुपारी जेवायला घरी येणारी माणसं अजून या शहरात आहेत. पण गोची पगारात नाहीये, गोची दुसऱ्या नोकरीत आहे. हिंजवडीत एक कंपनी सुटली तर समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसरी असते. इथं चिंचोली एमआयडीसी आहे, अक्कलकोट रोडची एमआयडीसी आहे, कॅमशाफ्ट बनवणारे आहेत, टॉवेलवाले आहेत, आहेरवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्लांट आहे, पण यातलं कुणी तुझ्या टेस्टिंगची वाट बघत बसलेलं नाही. मी परत आले तेव्हा एका ऑफिसात लागले, १४ महिन्यांत ते गुंडाळलं, आणि मग सहा महिने मी रोज सकाळी आवरून कुठंच जात नव्हते. आईला वाटायचं हिचं काहीतरी बिनसलंय. टॅलीची कामं तेव्हा नाइलाजानं सुरू केली, आवड बिवड काही नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की इथं काम शोधायला येऊ नकोस, काम घेऊन ये. आत्ताच्या कंपनीला विचार, घरून काम द्याल का, पगार थोडा कापला तरी चालेल, पण ते मेलवर लेखी घे, मॅनेजर तोंडी हो म्हणाला आणि सहा महिन्यांनी मॅनेजरच बदलला असं होतं. वाकडचा फ्लॅट विकू नकोस, भाड्यानं दे. आणि सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढ.

हे सहा महिन्यांचं मी उगाच सांगत नाहीये. तुला आठवत असेल, विसरला असशील तर सांगते, आमच्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी येतं, कधी पाचव्या दिवसावर जातं. गल्लीचा ग्रुप आहे त्यावर रात्री पावणेदोनला एकच मेसेज येतो, 'सुटलं'. मग एकेका घरात लाइट लागते, समोरचे काका बनियनवर बाहेर येऊन व्हॉल्व्हपाशी वाकतात, पहिली दहा मिनिटं गढूळ येतं ते सोडून द्यायचं, मग हौद, मग गच्चीवरची टाकी, मग बॅरल, मग कळश्या, आणि शेवटी उरलं तर झाडं. तास-सव्वा तासात खेळ खलास. बाहेरून आलेल्याला हे बघून रडू येतं पण इथल्या बाईला झोपेतसुद्धा माहीत असतं हौदात किती बोटं पाणी उरलंय. पैशाचंही इथं तसंच करावं लागतं बाबा, धार कधी तुटेल सांगता येत नाही.

आता बायकोचं. मला वाटतं तू उलटं धरून बसलायस. तिला इथं काम मिळणं तुझ्यापेक्षा सोपं आहे! सोलापूर आता निम्मं दवाखान्यांचं गाव आहे, धाराशिव, विजापूर, गुलबर्गा इकडचे पेशंट इथं येतात, सरकारी मेडिकल कॉलेज १९६३ पासूनचं, सिव्हिलच्या आसपास आणि सात रस्त्याकडं बोर्ड वाचत चाल, दर दोन दुकानांमागं एक लॅब. पगार पुण्याएवढा नाही मिळणार, ते आहेच. पण 'मी काय करू' या प्रश्नाचं उत्तर तू देऊ नकोस, तिला एकटीला एक आठवडा पाठव, तीन-चार ठिकाणी भेटू दे, तुझ्या आईबरोबर पाण्याची एक रात्र काढू दे. मग ती जे बोलेल ते ऐक. मे महिन्यात मात्र पाठवू नकोस, ४३-४४ डिग्रीत कुणालाच कुठलंच गाव आवडत नाही.

आणि एक, वडिलांना 'तुमच्यासाठी परत येतोय' असं म्हणू नकोस. आठ माग हातानं भंगारवाल्याला मोजून दिलेला माणूस आहे तो, वर त्याच्या डोक्यावर तुझ्या नोकरीचं ओझं नको. तुमच्या भागात रात्री मागांची खटखट थांबली की पूर्वी लोक दचकून उठायचे, लाइट गेली म्हणून. आता काही गल्ल्या शांतच असतात. पानिपतचा स्वस्त माल सोलापुरी चादर म्हणून खपतो, सूत महाग, कामगार मिळत नाही, यात तुझ्या वडिलांची चूक काय होती. तू येऊन हे त्यांच्याशी एकदा बोललास तरी पुष्कळ झालं, ते सोमवारची सकाळची पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस पकडण्याआधीही बोलता येतं.

प्रश्न: मी बँकेत आहे, जळगावहून सोलापूरला बदली झालीय, पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. सोबत मिस्टर आणि सातवीतली मुलगी. घर कुठल्या भागात बघू? आणि तिथं सगळे कानडी-तेलुगू बोलतात म्हणे, मुलीचं कसं होईल?

उत्तर: मॅडम, घाबरू नका. बदलीवाले बहुतेक जुळे सोलापूर, विजापूर रोड किंवा होटगी रोडला घर घेतात, बँक नवी पेठेकडं असेल तर रिक्षानं १५-२० मिनिटं, इथं त्याला लांब म्हणतात, तुम्ही हसाल. जुन्या पेठांमध्ये घरं स्वस्त आणि शेजार घट्ट पण गाडी लावायला जागा नाही.

घर बघताना हॉल केवढा ते नंतर बघा. आधी मालकाला विचारा हौद किती लिटरचा, तो किती भाडेकरूंत वाटलाय, बोर आहे का आणि ती एप्रिलमध्ये चालते का. शेवटच्या प्रश्नाला मालक 'हो हो चालते' म्हणाले तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींना एकदा वेगळं विचारा. आणि वरचा मजला नको, स्लॅब तापतो, पंखा नुसता गरम वारा फिरवतो.

भाषेचं म्हणाल तर इथं भाजीवाली तुमच्याशी मराठीत, शेजारणीशी कानडीत, आणि दुकानाच्या शेठशी तेलुगूत बोलेल, तेही एकाच वाक्याच्या दमात. तेलंगणातून विणकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथं आली, कर्नाटक तर तासाभरावर, आणि दखनी, म्हणजे इकडची हिंदी-उर्दू, बहुतेकांना येते. मुलीला सहा महिन्यांत 'ऊटा आतेन री' कळायला लागेल, म्हणजे जेवलात का. 'मालक' आणि 'बे' हे दोन शब्दही लागतील, मालक म्हणजे कुणीही, रिक्षावालासुद्धा, आणि बे ऐकून वाईट वाटून घ्यायचं नाही, ते प्रेमानं असतं. बँकेत मात्र कस्टमरला बे म्हणू नका.

प्रश्न: माझं वय ३८, अशोक चौकाकडं राहते. १५ वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात पीसवर शिलाई करतेय. आता स्वतःच्या दोन मशिनी घेऊन शाळांच्या ऑर्डरी घ्यायचा विचार आहे. सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या, त्या म्हणतात आम्हाला हजार विड्यांमागं आठवड्याला पैसे तरी मिळायचे, तुझे पैसे कोण देणार.

उत्तर: ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोब्बर नस पकडलीय.

शिलाई तुम्हाला मी काय शिकवणार. पण या धंद्यात कापड कापण्याआधी कॅलेंडर बघावं लागतं. ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीत ठरते, कापड तुम्ही रोखीनं उचलता, मेअखेर माल गेला पाहिजे कारण जूनमध्ये शाळा उघडतात, आणि दुकानदार पैसे देतो गणपतीत, नाहीतर दिवाळीत. म्हणजे सहा-आठ महिने तुमचा पैसा दुसऱ्याच्या दुकानात हँगरला लटकलेला. माझ्याकडं दोन जावा येतात हिशेबाला, त्यांनी पहिल्याच वर्षी बाहेरच्या एका दुकानाला ९०० फ्रॉक पाठवले. अर्धे एका लॉटच्या कापडाचे, अर्धे दुसऱ्या लॉटचे, घरात ट्यूबलाइटखाली दोन्ही निळे एकसारखेच दिसत होते, शाळेच्या मैदानावर उन्हात मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि फरक दिसला. त्या निमित्तानं पैसे अडकले ते संक्रांतीला आले, तेही कापून. तेव्हा एका ऑर्डरचं कापड एकाच लॉटचं घ्या आणि उन्हात नेऊन बघा, हे आधी.

पहिलं वर्ष जॉबवर्क करा. पार्टी कापड कापून देईल, तुम्ही शिवून द्या, मजुरी घ्या, कापडात पैसा अडकत नाही. दुसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं छोटा उद्योग म्हणून नोंद, करून घ्या, ती फुकट असते, आधारवर होते, कुणी दोन हजार मागितले तर देऊ नका. तिचा फायदा असा की २०२४ च्या एप्रिलपासून नियम आहे, तुमच्यासारख्या छोट्या उत्पादकाचे पैसे व्यापाऱ्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्याला इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापा, भांडायची गरज पडत नाही, त्याचा सीए स्वतःच मार्चमध्ये त्याला फोन करतो. सगळेच ऐकतात असं नाही, पण मी बघितलंय, फरक पडतो. ट्रस्टच्या शाळेला डायरेक्ट माल देणार असाल तर या नियमाच्या भरवशावर राहू नका, तिथं अर्धे पैसे आधी घ्या.

जीएसटीचं, मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकताना नोंदणी लागत नाही, पण विजापूरच्या दुकानाला स्वतःचा माल विकलात की पहिल्या बिलापासून लागते. हे न विचारता बरेचजण अडकतात, आणि मग माझ्याकडं येऊन रडतात.

मशिनी सेकंडहँड बघा. आणि कारखाना लगेच सोडू नका, निदान या जूनपर्यंत.

प्रश्न: विमान सुरू झालं, वंदे भारत आहे, आता सोलापूर पुण्याला मागं टाकेल असं नाही वाटत का? तुम्ही लोक कायम रडगाणं गाता.

उत्तर: वाटत नाही. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान उडालं, मलाही आनंद झाला, गच्चीवर जाऊन बघितलं. वंदे भारत २०२३ च्या फेब्रुवारीपासून आहे आणि मी कामाला पुण्याला जाते तेव्हा तिनंच जाते. पण आमच्या गल्लीतली तीन पोरं त्याच गाडीनं बॅग घेऊन गेली. रूळ दोन्हीकडं जातात. रडगाणं म्हणा हवं तर.

प्रश्न: सोलापुरात करमतं का हो?

उत्तर: जानेवारीत या. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच काठी कमरेला पेलून गावातल्या ६८ लिंगांना जातात, आणि पुढं होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरतो, पाळणे, भांडी, धूळ, सगळं. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात एक माणूस कामाला येत नाही. मार्चच्या तोंडावर विचारलंत तर वेगळं उत्तर देईन, तेव्हा मी रिटर्न भरत असते.

प्रश्न: मुलगा पुण्याला होस्टेलला आहे, दर महिन्याला काय पाठवू जे टिकेल?

उत्तर: कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी डब्यात उभ्या लावा, आडव्या ठेवल्या तर पोचेपर्यंत चुरा होतो. चटणी उखळातली घ्या, मिक्सरची कोरडी भुकटी असते. घेताना चिमूटभर कागदावर ठेवून बोटानं दाबा, कागदावर तेलाचा डाग पडला तर घ्यायची.