वाचकांचे प्रश्न : दुखणं, देवाची इच्छा आणि गोळ्यांची डबी

प्रश्न : यजमानांना आतड्याचा कॅन्सर आहे, चार केमो झाल्या. मंडळीतले (चर्चमधले) लोक भेटायला येतात आणि दोन गोष्टी सांगतात. घरात कबूल न केलेलं पाप असेल ते शोधा. आणि देव झेपेल तेवढंच देतो. प्रार्थनेला बसते, पण शब्दच फुटत नाहीत. सगळं देवाच्या हाती आहे असं कोणत्या तोंडाने म्हणू? (एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : ताई, आधी त्या दोन गोष्टींचा निकाल लावू. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं (बायबल, योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती इतरांहून जास्त अपराधी होती का, हा प्रश्न त्यानेच काढला आणि 'नाही' हे उत्तरही त्यानेच दिलं (लूक १३). सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे तिघे मित्र पाप शोधायलाच बसले होते. शेवटी देवाचा राग भडकला तो त्यांच्यावर. ईयोब तर देवाला जाब विचारत होता, तरी तो बरोबर बोलला असं देव म्हणाला (ईयोब ४२:७). आत्मपरीक्षण धडधाकट माणसानेही रोज करावं. आजाराचं निदान मात्र त्यातून होत नाही.

'झेपेल तेवढंच' हे वाक्य प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून (१ करिंथ १०:१३) आलं आहे. तिथे विषय आहे मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर, म्हणजे पापाचा मोह. दुखण्याबद्दल तो शब्द नाही. दुखण्याबद्दल पौल दुसऱ्या पत्रात लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा सुटली (२ करिंथ १:८). तुम्हाला झेपत नसेल तर तुमचा विश्वास कमी पडला असं नव्हे.

आता प्रार्थना. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा. त्यातलं १३वं घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, आणि 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं : माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळव. शेवटच्या दोनांत 'पण' म्हणून भरवसा. वहीत हेच तीन भाग पाडा. तक्रार नावानिशी लिहा : उलट्या, कर्जाचा हप्ता, मुलाची चुकलेली परीक्षा. 'आमच्या अडचणी तू जाणतोस' असं गुळमुळीत लिहू नका. मागणं आजच्यापुरतंच, एक किंवा दोन. तिसऱ्या भागात देवाने पूर्वी केलेली एखादी गोष्ट. ती तुमच्या आयुष्यातली नसली तरी चालेल, पवित्र शास्त्रातली घ्या.

बहुतेकांचं चुकतं ते इथे : पहिल्या चार ओव्या गिळून थेट पाचवीवर उडी मारतात, कारण मंडळीत साक्ष द्यायची ती गोड द्यायची अशी सवय लागलेली असते. मग प्रार्थना ओठांवर राहते आणि शब्द आटतात. तिसरा भाग आज लिहवत नसेल तर तो कोरा ठेवा. ८८वं स्तोत्र अंधार या शब्दावरच थांबतं, त्यात भरवशाची ओवी नाही. तरी ते देवालाच उद्देशून आहे आणि शास्त्रात टिकलं आहे. तेही न जमल्यास रोम ८:२६ पाहा : शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हून मध्यस्थी करतो.

सगळं देवाच्या हाती आहे असं म्हणणं याचा अर्थ जे घडलं ते चांगलंच आहे असं म्हणणं नव्हे. रोम ८:२८ मध्ये देव सर्व गोष्टींतून कल्याण साधतो असं आहे. कॅन्सरला कल्याण म्हणा, असं तिथे लिहिलेलं नाही.

प्रश्न : देवाच्या योजनेबाहेर काही घडत नाही, मग हे आणि प्रारब्ध यांत फरक काय? शेजारी म्हणतात, दोन्ही एकच. (पुणे)

उत्तर : प्रारब्धाच्या हिशेबात आजचा भोग मागच्या कर्माचा असतो. ख्रिस्ती श्रद्धेत कारभार एका पित्याच्या हाती आहे. तो ऐकतो, त्याला विनवता येतं, आणि माणसाचं करणं तो आपल्या योजनेत धरतो. प्रेषितांची कृत्ये २७ वाचा. जहाजावर २७६ माणसं, वादळ चौदा दिवसांचं. एकाचाही जीव जाणार नाही असं वचन पौलाला आधीच मिळालं होतं. तरी खलाशी होडी सोडून पळू लागले तेव्हा तो शताधिपतीला (रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला) म्हणाला, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग त्याने सगळ्यांना जेवायला लावलं. वचन आहे म्हणून सुकाणू सोडून द्या, असं तो म्हणाला नाही.

भावांनी मिसरात विकलेल्या योसेफाचंही तसंच. सात वर्षांचा दुष्काळ देवाने ठरवला आहे असं मिसरच्या राजाला, फारोला, सांगून तो लगेच म्हणतो, सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवा. आणि भावांना शेवटी सांगतो, तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं (उत्पत्ती ५०:२०). भावांचा दोष तो पुसत नाही. छळ करणाऱ्याला 'देवाचीच इच्छा' म्हणून सोडून द्यायला हे वचन वापरलं जातं, ती त्याची मोडतोड आहे. घरात मारहाण होत असेल तर सहन करा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. दुष्काळ देवाच्या हाताबाहेर नाही असं मानणाऱ्या बाई हात बांधून बसल्या नाहीत.

प्रश्न : आरोग्यसभेत (आजार बरा व्हावा म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेत) सांगितलं, विश्वास असेल तर शुगरच्या गोळ्या बंद करा. आईने केल्या. (नाशिक)

उत्तर : आजच डॉक्टरांना दाखवा, किती दिवस बंद होत्या ते सांगा. मधल्या चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट देऊ नका. इन्सुलिन, रक्तदाबाच्या आणि फिट्सच्या गोळ्या मनाने सोडणं सर्वांत धोक्याचं. आईंना यशया ३८ वाचून दाखवा : मरणाच्या दुखण्यात पडलेल्या हिज्कीया राजाला १५ वर्षं वाढवून दिल्याचा शब्द मिळाला, तरी गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलंच. याकोब ५:१४ मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करवा म्हणतो. औषध सोडा असं तिथे कुठेच नाही.

प्रश्न : शेजारच्या घरी लहान मूल गेलं. भेटायला गेल्यावर काय बोलावं? (वसई)

उत्तर : कमी. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरोबर होते, बोलायला लागले आणि बिघडलं. 'देवाला फूल हवं होतं' हे तर मुळीच म्हणू नका. आईच्या मनात देव मूल हिसकावणारा होऊन बसतो. मेलेल्या मित्राला, लाजाराला, उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मुलाचं नाव घ्या. 'काही लागलं तर सांगा' असं म्हटलं तर कुणी सांगत नाही. 'गुरुवारी डबा मी आणते' असं म्हणा आणि आणा. प्रार्थना विचारून करा, दोन-तीन मिनिटांची. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. खरी गरज महिन्याने लागते, आणि मुलाच्या वाढदिवसाला.

प्रश्न : वर्षभर संकटावर संकट. झोप नाही, मरून जावंसं वाटतं. हे पाप आहे का? (नाव-गाव नको)

उत्तर : एलीया या संदेष्ट्यानेही मरण मागितलं होतं. देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. 'इथे काय करतोस' हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी आला (१ राजे १९). तोच क्रम ठेवा. आज रात्री एकटे राहू नका, घरातल्या कुणाला तरी हेच वाक्य जसंच्या तसं सांगा, उद्या मानसोपचार डॉक्टरांकडे जा. लगेच बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत.