गोट्या कोणाजवळ राहील?

मावशी,

आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. नवऱ्याला म्युनिकला नोकरी लागली आहे. तो मार्चमध्ये जाईल, मी आणि ११ वर्षांची मुलगी शाळा संपली की जूनमध्ये. मलाही तिकडे काम शोधायचं आहे. आमचा देशी कुत्रा गोट्या नऊ वर्षांचा आहे. पावसात गेटपाशी सापडला, तेव्हापासून घरातलाच. मुलगी म्हणते, तो नाही तर मीपण नाही येत. नवरा म्हणतो, दोघंही कामावर असणार, कशाला त्याचे हाल? सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात, जर्मनीला राहायला यायचं नाही म्हणतात. त्यांचं एकच, "राहू द्या ना त्याला इथंच. तो काय जड होऊन राहिला का मला?" तो दिवसभर त्यांच्याच मागे असतो हे खरं आहे. सकाळी त्या दूध घ्यायला निघायच्या आधीच हा त्यांच्या चपलांपाशी जाऊन उभा असतो. पण आमची अडचण होऊ नये म्हणून त्या तसं म्हणतात, असं मला वाटतं. एका एजंटनं सांगितलं की महिनाभरात सगळे कागद होतात. गोट्याला सोडून गेले तर मी स्वतःला कधी माफ करू शकणार नाही. काय करू?

– घालमेल, नागपूर

अगं,

आधी त्या एजंटचं सांगते, कारण त्याच्या भरवशावर तुम्ही तिकिटं काढून मोकळे व्हाल. भारतातून जर्मनीला कुत्रा महिनाभरात जात नाही. पहिल्यांदा गोट्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली ओळख क्रमांकाची बारीकशी चिप, बसवावी लागेल. रेबीजची लस चिपनंतर किंवा त्याच दिवशी दिलेली हवी. आधी दिलेल्या लशी तिथे धरत नाहीत. लशीनंतर निदान ३० दिवस थांबून रक्त घेतात आणि ते युरोपीय संघानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत तपासतात. त्यात रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त दिसली पाहिजे. आणि ज्या दिवशी रक्त घेतलं, त्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं. आज सुरुवात केलीस तरी चार महिने हातचे गेले. मग मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन ऑफिसात सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, तेही तिथे पोचायच्या आधीच्या दहा दिवसांतलं. यातलं काही कमी पडलं तर तिथले अधिकारी जनावर परत पाठवू शकतात, तुमच्या खर्चानं अडकवून ठेवू शकतात, आणि दुसरा काहीच मार्ग उरला नाही तर त्याला मारण्याचीही तरतूद कायद्यात आहे. एजंटनं कदाचित दुसऱ्याच एखाद्या देशाचे नियम सांगितले असतील. काही असो, त्याच्या हाती गोट्याला देऊ नकोस.

म्हणजे लगेच हालचाल केली तर जूनपर्यंत कागद होतात. पण आपला मे-जून तुला मी काय सांगू! गोट्याच्या अंगापिंडाचा कुत्रा विमानात आपल्याजवळ बसत नाही, त्याला पिंजऱ्यातून खाली सामानाच्या कप्प्यातच जावं लागतं. फार ऊन असलं तर कित्येक विमान कंपन्या कुत्रा घेतच नाहीत, आणि ते बरोबरच करतात. मुंबईपर्यंत समृद्धीवरून सातशेहून जास्त किलोमीटर गाडीनं, किंवा रेल्वेच्या फर्स्ट एसीचा दोघांचा कूपे मिळाला तर त्यातून. नऊ वर्षांच्या कुत्र्याला हे झेपत नाही असं नाही. महिना-दोन महिने आधीपासून पिंजरा घरात उघडा ठेवून, त्यातच जेवण देऊन सवय लावली तर पुष्कळ कुत्रे नीट जातात.

तेव्हा नेता येईल का, याचं उत्तर 'हो' आहे. तरी मला विचारशील तर त्याला सासूबाईंजवळ राहू दे.

तुझ्या पत्रातली ती चपलांची ओळ मी परत परत वाचली. नऊ वर्षं रोज सकाळी ज्या माणसाच्या चपलांशी हा जीव उभा राहतो, ते त्याचं माणूस. तू त्याच्यावर कमी माया करतेस असं मी म्हणत नाही. पण त्याचा दिवस उगवतो आणि मावळतो तो त्यांच्यासोबत. म्युनिकला तुम्ही दोघं कामावर, मुलगी नव्या शाळेत, नवी भाषा, आणि हा चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराआड. जर्मनीत २०२२ पासून नियमच आहे की कुत्र्याला दिवसातून अनेकदा माणसाची सोबत मिळायला हवी आणि बाहेर फिरायला मिळायला हवं. तिथे हे लोक गंभीरपणे घेतात. त्यात म्युनिकला भाड्याचं घर मिळणं आधीच कठीण, कुत्रा असला की आणखी कठीण.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जूननंतर त्रिमूर्तीनगरच्या त्या घरात कोण कोण असेल? मुलगा गेला, सून गेली, नात गेली. त्या घरात सासूबाई एकट्या. तू म्हणतेस, त्या तुमची अडचण सोडवायला बोलतात. मला त्यांच्या वाक्यात विनवणी ऐकू येते. आपल्याकडच्या बायका 'मला एकटं वाटेल' असं तोंडानं म्हणत नाहीत, 'तो काय जड होऊन राहिला का मला' असं म्हणतात. त्यांना 'तुम्हाला जमेल का?' असं विचारलंस तर त्या 'जमेल' म्हणणारच. त्याऐवजी एका संध्याकाळी, घरात दुसरं कोणी नसताना विचार, "आई, तो इथं राहावा असं तुम्हाला वाटतं का?" आणि मग तू गप्प राहा. त्यांनी खरंच मान हलवून नाही म्हटलं तर माझं सगळं म्हणणं मागे घेऊन मी तुला न्यायलाच सांगेन.

त्या हो म्हणाल्या तर त्यांच्यावर सोडून मोकळं व्हायचं नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला कुत्रा ओढत फिरवता येत नाही. सकाळ-संध्याकाळ फिरवायला पगारावर मुलगा ठेवा आणि तुम्ही नागपुरात असतानाच त्याची गोट्याशी गट्टी जमू द्या. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत फिरून यायचं, दुपारी कूलरच्या खोलीत. डांबरी रस्त्यावर त्याचे पाय भाजतात हे त्या मुलाला स्वतःचा तळहात रस्त्यावर टेकवून दाखव. गोचिडांचं औषध, वर्षाची लस, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला दवाखाना की घरी येणारा डॉक्टर, हे सगळं एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. पैसे दर महिन्याला त्यांनी न मागता जायला हवेत. आणि सासूबाईंना कधी दवाखान्यात राहावं लागलं, किंवा त्या तीन महिने तुमच्याकडे आल्या, तर तो कुठे राहील? दीर, नणंद, शेजारी, जे कोणी असेल त्या घरी त्याला आतापासून दोन-दोन रात्री मुक्कामाला पाठव.

आणि हे माझं ऐकच: ठेवायचं ठरलं तरी चिप, लस आणि रक्ततपासणी जायच्या आधी करून घे. त्या तपासणीची एक सोय फार थोड्यांना माहीत असते. पुढची प्रत्येक लस आधीची संपायच्या आत दिली तर ती एकदा केलेली तपासणी जन्मभर चालते. एक लस चुकली की पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. उद्या सासूबाईंना खरंच झेपेनासं झालं तर तुम्ही दोघांपैकी एकानं यायचं आणि त्याला घेऊन जायचं. मालकाच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांत कुत्रा गेला तरच तो घरचा, विकायला नेलेला नाही, असं धरतात, तेव्हा यावं लागेलच. पण महिनोन् महिने अडकून पडणार नाही. तू 'सोडून' जात नाहीयेस. त्याचा येण्याचा रस्ता उघडा ठेवून जाते आहेस.

मुलीचं काय, ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तिला 'नंतर आणू हं त्याला' असं सांगून विमानात बसवू नका. ती ११ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं, आणि फसवलेलं तर फारच लवकर कळतं. तुम्ही दोघांनी मिळून, नवरा मार्चमध्ये जायच्या आधी, तिला खरं कारण सांगा: आजी एकटी राहील, गोट्या आजीचा आहे, आणि आपण त्याचे कागद करून ठेवतो आहोत. ती रडेल, चिडेल, चार दिवस तुझ्याशी बोलणार नाही. तिला ते करू दे, गप्प करायला दुसरा कुत्रा कबूल करू नकोस. चिप बसवायला आणि रक्त द्यायला तिलाच सोबत घेऊन जा, पट्टा तिच्या हाती दे. लशीच्या तारखा लक्षात ठेवायचं काम तिच्याकडे सोपव, आणि दर वर्षी ती तारीख आली की तिनंच आजीला फोन करून सांगायचं.

चिपसाठी डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घे. सासूबाई काय म्हणाल्या ते मला कळव.

– मावशी