सरकारी कायद्यातून पैसा मिळणारी प्रसारण संस्था सरकारपासून स्वतंत्र राहू शकते का?

होय, राहू शकते; परंतु तिला किती पैसा मिळणार हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जर्मनीचे आहे. तेथे २०१३ पासून प्रत्येक घराकडून ठरावीक शुल्क घेतले जाते आणि संस्थांची खरी गरज किती, हे १६ तज्ज्ञांचा स्वतंत्र आयोग तपासतो. साक्सोनी-आनहाल्ट या एका राज्याने मासिक शुल्क १७.५० युरोंवरून १८.३६ युरो करण्याचा प्रस्ताव अडवला, तेव्हा २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने ही अडवणूक प्रसारणस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरवून वाढ लागू केली. उलट ब्रिटनमध्ये शुल्क घरांकडूनच येत असले तरी त्याचा दर सरकार ठरवते, आणि म्हणूनच २०२२ मध्ये तो १५९ पौंडांवर दोन वर्षांसाठी गोठवता आला. उत्तरदायित्वाच्या बाबतीत मात्र ब्रिटनची व्यवस्था मला अधिक नेमकी वाटते, कारण राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालय बीबीसीचा खर्च तपासते, पण संपादकीय निर्णय योग्य होते की नाही, यावर त्याला मत देता येत नाही. ही सीमारेषा पुसली की हिशेबतपासणीचे दडपणात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. अर्थात, घटनात्मक संरक्षण नसेल तर आगाऊ मंजूर झालेला निधीही सुरक्षित नसतो: अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी दोन वर्षे आगाऊ मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर २०२५ मध्ये परत घेतले.