बहिणीचा गळा दाबला, तरी वैद्यकीय दाखल्यात "बाहेरून जखम नाही, दुखापत साधी" असं आलंय. डॉक्टरांनी केस दाबली का?

तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांनी पैसे खाल्ले का, हे मला कळायला मार्ग नाही. पण पैसे न खाताही हे वाक्य कसं लिहिलं जातं ते मी कॅज्युअल्टीत भरपूर पाहिलंय. मानेवर बॅटरी मारायची, वळ दिसला नाही की "जखम नाही" लिहायचं आणि पुढचा पेशंट घ्यायचा.

मी मेडिकल ऑफिसर असताना एक बाई रात्री आईबरोबर आली. नवऱ्याने गळा आवळला, असं आई सांगत होती. ती स्वतः गप्प. मान वरवर स्वच्छ. माझे वरिष्ठ म्हणाले, "काही नाहीये. निल लिही आणि मोकळी हो." मला खटकलं ते तिचं पाणी पिणं. एकेक घोट तोंडात धरून, मान पुढे काढून ती कसाबसा गिळत होती. नाव सांगितलं तेव्हा आवाज घोगरा निघाला, आणि आई म्हणाली, हिचा आवाज असा नाही. मग मी तिच्या पापण्या उलटल्या. आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, कानांमागेही तसेच. हनुवटीखाली दोन बारीक अर्धगोल ओरखडे होते, तिच्याच नखांचे, त्याचा हात सोडवताना उठलेले. आईला बाहेर थांबवल्यावर ती बोलली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि शुद्धीवर आली तेव्हा कपडे लघवीने ओले होते.

डोक्यातलं रक्त खाली आणणाऱ्या मानेतल्या शिरा बंद व्हायला साधारण 2 किलोचा दाब पुरतो, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्यांना साधारण 5 किलो लागतो आणि श्वासनलिकेला 15 किलोच्या आसपास. शिरा आधी बंद होतात, धमन्या मात्र रक्त वर ढकलतच राहतात, त्यामुळे बारीक केशवाहिन्या फुटतात. तेच ते ठिपके. धमन्याही दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. हे सगळं कातडीवर काहीही न उमटता होऊ शकतं, कारण पंजा मऊ आणि रुंद असतो. खोलवरचा मुका मार वर दिसायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून मी मत राखून ठेवलं आणि तिला पुन्हा बोलावलं. तेव्हा मानेच्या डाव्या बाजूला बोटांचे निळसर डाग उठले होते आणि उजव्या बाजूला अंगठ्याचा एक. समोरून उजव्या हाताने गळा धरला की असंच उमटतं.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी विचारलं, "हायॉइड मोडलं नव्हतं ना?" हायॉइड म्हणजे जिभेच्या मुळाशी, गळ्यात असलेलं छोटं हाड. नव्हतं मोडलं. तरुण वयात त्या हाडाचे भाग एकमेकांशी पुरते जुळलेले नसतात, ते लवतं. हाड शाबूत म्हणून गळा दाबलाच नाही, असा निष्कर्ष निघत नाही. वरिष्ठांचं मात्र नंतरही तेच पालुपद: "दिसतं तेवढं लिहायचं, तपास पोलिसांचा." पापणी उलटलीच नाही तर दिसणार काय?

लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये हेच वाक्य आणखी घात करतं. "जखमा नाहीत" असं वाचलं की लोक थेट संमतीवर येतात. शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती धरता येत नाही, हे 2013 पासून कायद्यातच लिहिलंय. आणि गळा धरल्यावर प्रतिकार करायला शुद्ध तरी राहायला हवी!

आता तुमचं "साधी" की "गंभीर". भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये गंभीर दुखापतीचे 8 प्रकार आहेत. हाड किंवा दात मोडणं, डोळा कायमचा जाणं वगैरे. आठव्या प्रकारात जीव धोक्यात आणणारी दुखापत येते, किंवा 15 दिवस तीव्र वेदना देणारी किंवा रोजचे व्यवहार बंद पाडणारी. शुद्ध हरपेपर्यंत गळा दाबला असेल तर ते जिवावरचंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे डॉक्टर ते मान्य करत नाहीत. खुनाच्या प्रयत्नाच्या कलम 109 ला तर जखम झालीच पाहिजे असं नाही, तिथे हेतू पाहतात. घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागेल, आणि तिच्यात 15 च्या जागी 20 दिवस आहेत.

बहिणीचा आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोकं किंवा मान सतत दुखतेय किंवा एका बाजूला अशक्तपणा जाणवतोय का? यातलं काहीही असेल तर आधी तिला दवाखान्यात न्या, दाखल्याचं नंतर पाहू. धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं असलं तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. डाग आता उठले असतील तर पुन्हा तपासणी करून घ्या आणि तारखेसह फोटो काढून ठेवा.

एक मात्र मान्य करते, ते ठिपके जोराच्या खोकल्याने किंवा उलट्यांनीही येतात, त्यामुळे नुसत्या ठिपक्यांवर केस उभी राहत नाही. डागाच्या रंगावरून तो नक्की किती दिवसांचा, हेही कुणी छातीठोकपणे सांगू नये.

पण तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि डॉक्टरांकडून लेखी खुलासा मागवायला सांगा: पापण्यांच्या आत, कानांमागे, तोंडातल्या टाळूवर पाहिलं होतं का, आवाजाबद्दल आणि शुद्धीबद्दल विचारलं होतं का. नसेल पाहिलं, तर त्यांनी "जखम नाही" ऐवजी "तपासलं नाही" असं लिहून द्यावं.